एक इंटरनेट जोडणी, अनेक संगणक : घरगुती जाळ्याची कार्यपद्धती व उत्तरदायित्व

प्रस्तावना
भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. डायल-अपच्या त्या काळात एक दूरध्वनी, एक मोडेम व एक संगणक असा हिशेब होता. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ‘डेटावन’ ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि जोडणी अखंड चालू ठेवणे शक्य झाले. अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावी प्राध्यापकाच्या घरातील सर्व संगणक व भ्रमणध्वनी एकाच जोडणीवर कसे चालतात आणि त्यातून कोणती जबाबदारी उद्भवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका पत्त्यावर अनेक संगणक
आयपी पत्त्याची चौथी आवृत्ती ३२ बिटांची असल्याने जगात सुमारे ४२९ कोटीच पत्ते संभवतात. त्यामुळे सेवादाता एका घराला साधारणतः एकच सार्वजनिक पत्ता देतो. घरातील यंत्रांना राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो. हे पत्ते १९९६ च्या मानकानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले असून ते लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात. संगणकाकडून निघालेल्या प्रत्येक पॅकेटवरील खासगी पत्ता पुसून राउटर तेथे सार्वजनिक पत्ता लिहितो व सोबत एक पोर्ट क्रमांक जोडतो. कोणता क्रमांक कोणत्या संगणकाचा, याची नोंद तो आपल्या तक्त्यात ठेवतो. उत्तर परत आले की ती नोंद पाहूनच ते योग्य संगणकाकडे पोहोचते. वसतिगृहाच्या एकाच टपालपत्त्यावर आलेली पत्रे खोली क्रमांक पाहून वाटावीत, तसाच हा प्रकार आहे.

राउटर महाग होता तेव्हा हेच काम १९९९ च्या विंडोज ९८ द्वितीय आवृत्तीतील सोयीने एखादा संगणकच करीत असे. मात्र तो बंद झाला की सारे घर बंद पडे.

वेगाची वाटणी
जोडणी वाटली म्हणजे वेग वाढत नाही. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ किलोबिट, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट, ठरला होता. या वेगाने ५ मेगाबाइटची फाइल उतरण्यास १६० सेकंद लागतात; दोन संगणकांनी एकाच वेळी तशी फाइल मागितली, तर प्रत्येकास सुमारे ३२० सेकंद लागतील. पानमळ्याच्या सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या तासांनी ठरतात, तर येथे पाळी पॅकेटागणिक बदलते, इतकाच भेद. शिवाय तांब्याच्या तारेवरील एडीएसएल सेवेत माहिती वर पाठविण्याचा वेग बराच कमी असतो. एकाने मोठी फाइल पाठविण्यास घेतली की उतरणाऱ्या माहितीच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात व सर्वांचेच काम रेंगाळते. अशा वेळी दोष बहुधा सेवादात्याला दिला जातो. कारण मात्र शेजारच्या खोलीत असते.

उत्तरदायित्व
या व्यवस्थेची खरी गंभीर बाजू निराळीच आहे. बाहेरील जगाला फक्त सार्वजनिक पत्ता दिसतो. त्यामागे कोण बसले आहे, हे दिसत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठविलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथील वाय-फाय असुरक्षित होते व त्याचा गैरवापर बाहेरच्या व्यक्तीने केला होता. जोडणी ज्याच्या नावावर होती, त्याला मात्र चौकशीस सामोरे जावे लागले. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना काढल्या.

म्हणून राउटरसोबत आलेला मूळ संकेतशब्द तत्काळ बदलणे अगत्याचे ठरते. डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षापद्धती २००१ मध्येच भेद्य ठरली असल्याने डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढील पद्धती निवडावी. पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळ्याची सोय असल्यास तीच द्यावी. महाविद्यालयात शेकडो विद्यार्थी एकाच पत्त्यामागे असतात. तेथे केवळ संकेतशब्द पुरेसा नाही. कोणत्या वेळी कोणता खासगी पत्ता व पोर्ट कोणाकडे होता, याची नोंद राउटर आपणहून दीर्घकाळ जपत नाही; ती स्वतंत्रपणे साठवावी लागते.