मानाची जागा, चोवीस तासांची चाकरी

राजदरबारातली जागा म्हणजे स्त्रीचे भाग्यच, ही समजूत फॅनी बर्नीच्या रोजनिशीपुढे टिकत नाही. ‘एव्हलिना’ (१७७८) आणि ‘सिसिलिया’ (१७८२) या कादंबऱ्यांनी नावारूपाला आलेली ही लेखिका १७८६ मध्ये इंग्लंडच्या राणी शार्लटच्या वस्त्रागारात रुजू झाली. सकाळी सहाला उठायचे, घंटा वाजली की राणीला पोशाख चढवायला धावायचे, दुपारी पुन्हा तेच. राणी रात्री निजायला गेली की मगच सुटका. संध्याकाळ वरिष्ठ श्वेलेनबर्गबाईंची मर्जी सांभाळण्यात जाई आणि बाहेर पडायला परवानगी लागे.

कोणी म्हणेल, वर्षाला २०० पौंड पगार, राहण्याजेवणाची सोय आणि मायाळू राणी. त्या काळच्या अविवाहित स्त्रीला याहून सुरक्षित काय मिळणार होते? या आक्षेपात तथ्य आहे. पर्याय तोकडे होते, म्हणूनच वडील चार्ल्स बर्नी यांना या नेमणुकीचा एवढा आनंद झाला. पण सुरक्षिततेची किंमतही मोजायला हवी. पाच वर्षांत फॅनीचे एकही नवे पुस्तक निघाले नाही, प्रकृती ढासळली आणि नोकरी सोडण्यासाठीही आधी वडिलांची संमती मिळवावी लागली. राणीचा चांगुलपणा खरा होता. त्याने कामाचे तास मात्र कमी झाले नाहीत. १७९१ मध्ये ती १०० पौंडांच्या वार्षिक निवृत्तिवेतनावर बाहेर पडली आणि १७९६ मध्ये ‘कॅमिला’ प्रसिद्ध झाली. दरबाराने तिला प्रतिष्ठा दिली, पण वेळ हिरावून घेतला. आणि लेखिकेसाठी हा सौदा तोट्याचाच होता.