लाज कुणाची, टोचणी कुणाला?

लाज आणि अपराधाची टोचणी यांना आपण जुळ्या बहिणी समजतो. मराठी रंगभूमीने अर्ध्या शतकात दोघींना वेगळे करून दाखवले.

२० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. लेखक राम गणेश गडकरी २३ जानेवारीलाच गेले होते. दारूचे दुष्परिणाम सांगणारे नाटक अशी त्याची ख्याती. पण सुधाकराचा पहिला प्याला चैनीचा नाही. हा मानी वकील भर कोर्टात अपमानित होतो, सनदही जाते. ती सल बुडवायला मद्यपी तळीराम प्याला पुढे करतो. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो, नोकरीसाठी ओळखीच्यांचे उंबरे झिजवतो. ‘दारुडा’ म्हणून तेच त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. चारचौघांत लाज काढली की माणूस सुधारतो, हा समज गडकऱ्यांनी तिथेच निकालात काढला.

टोचणी लागते ती सिंधूमुळे. लोकांची दळणे दळून घर चालवणारी ही बायको नवऱ्याच्याच मारामुळे मरणाला टेकते आणि पोलिसांपुढे त्याचा गुन्हा झाकते. तिने शिव्याशाप दिले असते, तर कदाचित त्याने ते सोसले असते. हे झाकणे मात्र त्याला सोसवत नाही. शेवटच्या प्याल्यात तो विष कालवतो.

१९६७ साली विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले. इथे खटला खेळातला, पण जखम खरी. खेळातली आरोपी लीला बेणारे अविवाहित शिक्षिका. तिला दिवस गेलेले. वकिली न चाललेले सुखात्मे, इंटरला नापास झालेला पोंक्षे, हौशी नटमंडळीतले सगळेच आपापल्या आयुष्याची लाज तिच्या पदरात टाकून मोकळे होतात. ज्यांच्यापासून दिवस गेले, ते प्राध्यापक दामले रंगमंचावर एकदाही फिरकत नाहीत. खोटे कोर्ट तिचा गर्भ नष्ट करण्याचा निकाल देते आणि मंडळी पुढच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. कोलमडलेल्या बेणारेजवळ साधाभोळा सामंत कापडाचा हिरवा पोपट ठेवतो. त्या खोलीत ओशाळलेला तेवढा तोच.

सुधाकराचे पाप मोठे होते, पण ते त्याने आपले मानले. बेणारेच्या कोर्टात लाज भरपूर वाटली गेली. टोचणी मात्र कुणीच घेतली नाही. पुढच्या वेळी हे नाटक पाहाल, तेव्हा बेणारेइतकेच न आलेल्या दामल्यांकडेही लक्ष ठेवा.