सोयाबीनची ओळख परेड

मार्केट यार्डात ज्याचा फक्त भाव विचारला जातो, त्याच दाण्याने कधीकाळी चिमुरड्यांना जीवदान दिलंय!

ऑक्टोबरमधला वीकेंड. मोबाइल सायलेंटवर टाकला आणि थेट हिंगोली जिल्हा गाठला, सिद्धेश्वरला मामांकडे. पूर्णा नदीवरचं धरण, मावळत्या सूर्याचे फोटो, सगळं यथासांग झालं. मग अंगणात वाळत घातलेल्या सोयाबीनकडे बघत मामा म्हणाले, "पोरी, भाव समदेच विचारतात. पण तुमच्या शहरात याचं करतात तरी काय?"

तेल, सोया मिल्क, टोफू... माझी यादी तिथेच संपली! परतल्यावर जरा खोदकाम केलं आणि जे सापडलं ते एकदम सॉलिड होतं.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. गळ्यातलं ऑफिसचं आयकार्डच म्हणा ना! पेशी कुठल्या प्रकारची, कच्ची की तयार, त्यानुसार कार्ड बदलतं. ते वाचतात बियांमधली 'लेक्टिन' नावाची प्रथिनं. लॅटिनमधल्या 'निवडणे' या अर्थाच्या शब्दावरून १९५४मध्ये हे नाव पडलं. लेक्टिनला चमकणारा रंग जोडला, की ते ज्या पेशीला चिकटेल ती उजळते. शेंगदाण्याचं लेक्टिन थायमस ग्रंथीतल्या कच्च्या टी-पेशींना चिकटतं. पेशी तयार झाली की तिच्या साखरेवर दुसऱ्या साखरेची टोपी चढते आणि शेंगदाणा तिला ओळखतच नाही.

सोयाबीनची कमाल याच्याही पुढची. काही बाळं प्रतिकारशक्तीशिवायच जन्मतात. त्यांना दुसऱ्याची अस्थिमज्जा लागते. जुळणारं भावंड नसेल तर उरतात आई-बाबा, पण ते अर्धेच जुळतात. त्यांच्या तयार टी-पेशी बाळाच्या शरीरावरच तुटून पडतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलचे यायर राइसनर आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमधल्या डॉक्टरांनी मज्जेत सोयाबीनचं लेक्टिन मिसळलं. तयार पेशींच्या गुठळ्या होऊन त्या तळाला बसल्या, मूळ पेशी मोकळ्या राहिल्या. उरल्यासुरल्या टी-पेशी मेंढीच्या तांबड्या पेशी वापरून काढल्या. अशी मज्जा या मुलांना दिल्याचा अहवाल १९८३मध्ये प्रसिद्ध झाला.

तांबड्या पेशींची ओळखही बिया पटवतात. १९५२मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणलेला 'बॉम्बे' रक्तगट साध्या तपासणीत 'ओ' वाटतो. पण त्या माणसाला 'ओ'चं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. 'ओ'च्या पेशींवर 'एच' खूण असते, बॉम्बेच्या पेशींवर नसते. ही खूण युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क अचूक हेरतो.

आज टी-पेशी वेगळ्या करायचं काम मुख्यतः अँटिबॉडीज करतात. पण बियांनी वाट दाखवली, हे विसरून कसं चालेल?

आणि हो, राजमा-फॅन्ससाठी टिप! त्यातलं लेक्टिन कच्चं पोटात गेलं तर उलट्या ठरलेल्या. पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. नुसत्या मंद आचेवर भागत नाही.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "लेकरं वाचली, लई चांगलं झालं. पण मग औंदा भाव वाढंल का?"

याचं उत्तर कुठल्याच लॅबमध्ये सापडलं नाही.