मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय? रागावण्याआधी हे वाचा

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात पुन्हा लॉकडाऊन लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात हिंसाचारानंतर संचारबंदी होती. अशा दिवसांत मोठी माणसं आपली भीती बोलून दाखवतात. लहान मुलांना ते जमत नाही. काहींची भीती सकाळी ओल्या गादीत दिसते. घरातलं आजारपण, नापिकी, कर्जाची चिंता, भांडणं किंवा नवं भावंड यामुळेही असं होऊ शकतं.

मूल हे मुद्दाम करतं का?

नाही. हे झोपेत घडतं, मुलाला कळतही नाही. पाच वर्षांपर्यंत याला आजार मानत नाहीत. सातव्या वर्षीही शंभरातल्या पाच ते दहा मुलांना हा त्रास असतो. आई किंवा वडिलांना लहानपणी असं होत असेल, तर मुलालाही होण्याची शक्यता वाढते.

डॉक्टरकडे कधी जायचं?

सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग किंवा मधुमेहही कारण असू शकतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणं एकत्र दिसलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा.

घरी काय करायचं?

- मारू नका, पाहुण्यांसमोर सांगू नका, भावंडांना चिडवू देऊ नका. लाज वाटली की ताण वाढतो.
- पाणी तोडू नका. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते धोक्याचं आहे. दिवसा भरपूर द्या, झोपण्याआधी तास-दोन तास कमी करा. संध्याकाळचा चहा बंद.
- झोपण्याआधी लघवीला पाठवा. संडास बाहेर असेल, तर सोबत जा. अंधाराची भीतीही असते.
- गादीवर मेणकापड घाला. चादर बदलताना मुलाची मदत घ्या, पण शिक्षा म्हणून नाही.
- जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा शक्यतो ठरलेल्या ठेवा. काय घडतंय ते सोप्या शब्दांत सांगा.

औषध असतं का?

ओलावा लागताच वाजणारा अलार्म दोन-तीन महिने नियमित वापरला, तर अनेक मुलांना फायदा होतो. डेस्मोप्रेसिन हे औषध रात्री लघवी कमी तयार होऊ देतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावं. ते घेतल्यावर रात्री जास्त पाणी प्यायल्यास रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या घटू शकतं.

मूल घाबरलेलं, गप्प किंवा झोपेतून दचकत असेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि उद्या सकाळी गादी ओली दिसली, तर आधी एवढंच म्हणा: “होतं असं. चल, कपडे बदलू.”