‘ङ’ राहू द्या, आधी ‘नाक’ वाचू दे

माझी भाची सहा वर्षांची, न्यू जर्सीत वाढतेय. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तिने ‘किडा’ हा शब्द ‘इकडा’ असा वाचला. ताई वैतागली. "हिला नाही जमणार मराठी. बंदच करते."

अहो, पोरगी चुकली, पण डोकं लावून चुकली! इंग्रजीत डावीकडचं आधी वाचायचं. आपली पहिली वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी येते, तोंडात मात्र नंतर. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शिवाय इंग्रजीची अक्षरं २६. आपल्याकडे बाराखडी, वर जोडाक्षरं, म्हणजे आकार शेकड्यांनी. कन्नडचंही तसंच. सोनाली नाग यांच्या २००७च्या अभ्यासात कर्नाटकातल्या मुलांनाही अक्षरओळख पक्की व्हायला काही वर्षं लागताना दिसली. मग रविवारी अर्धा तास मराठी वाचणाऱ्या मुलीकडून एवढी घाई कशाला?

सुरुवात मात्र ‘क ते ज्ञ’ घोकून नको. (‘ङ’ने सुरू होणारा शब्द मला तरी अजून भेटलेला नाही.) फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी वेगळी वाट धरली: थोडीच अक्षरं घ्यायची, सोबत एखाददुसरं स्वरचिन्ह, आणि लगेच शब्द. तुम्हीही करून बघा. न, क, म, काना, दुसरी वेलांटी. एवढ्यात नाक, कान, मका, काका, मामी वाचता येतात. पहिली वेलांटी नंतर, सावकाश.

परवा भाचीने मला चिठ्ठीचा फोटो पाठवला. ‘व’ आणि ‘श’ अजून झाले नाहीत, म्हणून मावशीला तिने ‘मामी’ करून टाकलंय.