वाटेला कुलूप, फाइल मात्र उघडी

पगाराची किंवा पुरवठादारांच्या देण्यांची फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून थेट बँकेच्या सर्व्हरवर जाते, त्या सोयीला बँकेतली माणसं ‘होस्ट टू होस्ट’ म्हणतात. ती बसवताना ‘एसएफटीपी आहे ना, मग झालं’ असं हमखास ऐकू येतं. एवढ्यावर थांबणं मला फार धोक्याचं वाटतं.

मुळात एसएफटीपी म्हणजे जुन्या एफटीपीची सुधारलेली आवृत्ती नव्हे. १९७१ पासूनच्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडा जातो. एसएफटीपी एसएसएच या एन्क्रिप्टेड जोडणीवर चालते, सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर. टीएलएसचं कवच चढवलेली एफटीपी ती एफटीपीएस, ती वेगळी. बँकेला यातलं नेमकं काय हवं, ते आधी लेखी घ्यावं.

‘वाट एन्क्रिप्टेड आहे, मग फाइल वेगळी एन्क्रिप्ट कशाला करायची?’ हा सगळ्यांत महागात पडू शकणारा गैरसमज. एसएसएच फाइलला सांभाळतं ते प्रवासापुरतं. निघण्याआधी ती तुमच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुरात पडलेली असते. तिथवर हात पोचणारा कुणीही नोटपॅडमध्ये एक खाते क्रमांक बदलू शकतो. नाव जुळलं नाही म्हणून व्यवहार अडेल, या भरवशावर राहू नका. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम खाते क्रमांक पाहूनच जमा होते. म्हणून पीजीपी लागतं: बँकेच्या पब्लिक कीने फाइल बंद करायची आणि आपल्या प्रायव्हेट कीने तिच्यावर सही करायची. मग एक अंक जरी बदलला तरी बँकेकडची पडताळणी फसते. मात्र ही सही देणी तपासून मंजूर करणाऱ्या ‘चेकर’च्या मंजुरीबरोबरच, फाइल फोल्डरमध्ये पडण्याआधी व्हायला हवी.

घाला वाटेवर नव्हे, टोकाला पडतो, हे घडलेलंही आहे. २०१६ साली बांगलादेश बँकेचे ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये गेले, तेव्हा चोरांनी बँकांमधल्या संदेशांचं ‘स्विफ्ट’ हे जाळं फोडलं नव्हतं. ते त्या बँकेच्याच संगणकांत शिरले होते. २०२३ मध्ये तर ‘मूव्हइट’ हे सुरक्षित फाइल पाठवण्याचंच सॉफ्टवेअर फुटलं आणि त्यात साठलेल्या फाइली चोरीला गेल्या.

बँकेला ‘की’ द्यायची म्हणजे फक्त पब्लिक की. प्रायव्हेट की ईमेलने पाठवली असेल, तर ती बाद करून नवी जोडी बनवा. पहिल्या जोडणीला सर्व्हरचा फिंगरप्रिंट पडद्यावर येतो, तेव्हा न वाचता ‘यस’ दाबू नये. बँकेने वेगळ्या मार्गाने कळवलेल्या फिंगरप्रिंटशी तो ताडून पाहावा.

आणि ‘ट्रान्सफर सक्सेसफुल’ म्हणजे पैसे गेले, असंही नाही. फाइल पोचली, एवढंच. कोणती नोंद जमा झाली, कोणती परत आली, हे बँकेच्या उलट फाइलमध्ये येतं. ती यायला उशीर झाला की घाईत तीच देणी नव्या नावाच्या फाइलमधून पुन्हा पाठवली जातात. बँक दुबार फाइल नुसत्या नावावरून ओळखत असेल, तर पगार दोनदा जमा होईल. चाचणीच्या काळात हे मुद्दाम करून पाहा: नाव बदलून तीच फाइल पाठवा आणि बँक ती अडवते का, ते तपासा.