पाण्याचा हिशेब कोणत्या खोऱ्यात मांडायचा?

अमरावती शहराला पिण्याचे पाणी मिळते ते सिंभोऱ्याजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. वर्धा नदीचे पाणी पुढे प्राणहितेवाटे गोदावरीत जाते. शहराचे सांडपाणी मात्र अंबा नाल्यातून पेढी नदीत, तेथून पूर्णेत आणि शेवटी तापीत पोहोचते. म्हणजे नळ गोदावरीचा, गटार तापीचे! भूगोलाच्या तासाला ही गंमत नकाशावर जरूर दाखवावी. पण याच भागात कारखाना काढणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने ती नुसती गंमत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब त्यामानाने सोपा. एक टन अकोल्यात वाचला काय किंवा जपानमध्ये वाचला काय, वातावरणाला सारखेच. पाण्याचे तसे नाही. वरूडला वाचवलेले पाणी दर्यापूरच्या विहिरीत येत नाही. त्यामुळे ‘देशभरात आम्ही इतके टक्के पाणी वाचवले’ अशी सरासरी सांगणाऱ्या अहवालातून कोणत्याही एका नदीची स्थिती कळत नाही.

‘सायन्स बेस्ड टार्गेट्स नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय गटाने 2023 मध्ये कंपन्यांसाठी जी पद्धत मांडली, तीत पाण्याचे उद्दिष्ट खोऱ्यागणिक ठरवायचे असते. 2024 मध्ये पहिल्या तीन कंपन्यांनी अशी उद्दिष्टे जाहीर केली. त्यांतल्या जीएसके या औषध कंपनीने निवडलेले खोरे आपल्याच राज्यातले, ऊर्ध्व गोदावरीचे आहे. तिचा कारखाना नाशिकला आहे.

उद्दिष्ट काढतात कसे? समजा, एका खोऱ्यातून सगळे मिळून 100 भाग पाणी उपसतात. पण नदी वाहती राहायची तर 80 भागच उपसता येतील. म्हणजे कपात 20 टक्के. तेथे वर्षाला 50,000 घनमीटर पाणी घेणाऱ्या कारखान्याने 40,000 वर यायचे. आकडे अर्थातच उदाहरणापुरते. नदीत जाणाऱ्या नत्र-स्फुरदाचाही असाच हिशेब करता येतो.

आता आपल्या कापसाकडे वळू. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली. कापड कंपनीने सुरुवात कोठून करावी? आमच्या मते, एका जागेपासून आणि पाण्याच्या मीटरपासून. दरमहा किती पाणी घेतले, कोणत्या खोऱ्यातले, आणि सोडले कोठे, एवढी तीन रकान्यांची वही पुरे. मग मालाचा माग काढावा. वऱ्हाडातला बहुतेक कापूस कोरडवाहू, जिनिंगलाही पाणी फार लागत नाही. ते लागते कापडाच्या रंगाईला. शेतात प्रश्न येतो तो मातीचा आणि कीटकनाशकांचा. एकाच सदऱ्यासाठी दोन वेगळी उद्दिष्टे, दोन वेगळ्या ठिकाणी.

ठिकाणांतही अग्रक्रम हवा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्यामुळे अनेक गावांना वान धरणासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या जलाशयांतून नळाने पाणी आणावे लागते. तेथे गोड्या पाण्याची मागणी करणारा कारखाना थेट गावाच्या घागरीशी स्पर्धा करतो.

खरी अडचण आहे ती 80 या आकड्याची. तो कंपनीने स्वतः ठरवायचा नसतो. नदीच्या प्रवाहाच्या आणि भूजलाच्या मोजणीतून तो काढावा लागतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गाठ मारलेली दोरी आणि दगड घेऊन नववीच्या मुलांनाही शाळेजवळच्या विहिरीवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, ही मोजणी करता येईल. पहिली नोंद मे महिन्यातली असावी, दुसरी दिवाळीच्या सुमाराची.